लोकांच्या तणसात

करडी,
२४ नोव्हेंबर १९८२

प्रिय कुंता,

त्या दिवशी सकाळी तेलाचा बुधला उचलला तर हाताला हलका लागला. सडा टाकून झाला होता, गाय दोहून झाली होती, चुलीच्या एका तोंडावर चहा उकळत होता आणि दुसऱ्यावर कढई तापून धूर सोडत होती. वाटेत खायला म्हणून वांग्याची भाजी करायची होती. जवसाचं तेल दिवाळीच्या तोंडावर घाण्यावरून काढून आणलेलं, आपल्याच शेतातल्या जवसाचं, आणि एवढ्यात बुधला अर्ध्याच्या खाली. मी चंद्रभागेला, तुझ्या काकूला, हाक मारली. ती म्हणाली, "मी नाही बाप्पा. मी तं करंज्याबी तुपात तळल्या." मग मांजर तेल पितं का यावर आमची जरा चर्चा झाली आणि काकूनं चुलीजवळ झोपलेल्या मांजराला उगीच एक फुंकणी हाणली. तुझे खुशालकाका तेव्हा अंगणात मोटार पुसत होते. त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि एकाच काचेवर बराच वेळ फडकं फिरवत राहिले. मी ते पाहिलं, पण कढई जळायला आली होती, म्हणून पुढे विचार केला नाही. उरलेल्या तेलात मोहरी टाकली.

आधीच सांगते, आम्ही तिघंही धडधाकट आहोत, मांजरही बरं आहे. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेव आणि पोटावर हात ठेवून सावकाश वाच.

आंबागडच्या बाजूला एका गावी त्या दिवशी मंडई होती. भाऊबीज झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई कशी भरते ते तुला ठाऊक आहे, पण तुझ्या सासरी भिलाईच्या लोकांना सांगितलं तर त्यांना खरं वाटणार नाही. दिवसभर बाजार, दंडारीचा नाच, आणि घरोघर पाहुणे. ओळखीचा असो की नसो, त्या दिवशी दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही. तुझे बाबा गेल्यापासून मी एकाही मंडईला गेले नव्हते. या वर्षी गेले ती तुझ्या ओटीच्या खरेदीसाठी. हिरवी साडी आणि बांगड्या घ्यायच्या होत्या. काकू म्हणाली, "निवडा तुमी, भरीन मी." तसंच आमचं ठरलं होतं.

ते का ठरलं होतं हे तुला माहीत आहे, कारण भांडण तूच काढलंस. तू लिहिलंस, "आई, सातव्या महिन्याची ओटी तूच भर. तू भरणार नसशील तर मी पाटावर बसणारच नाही." मी उलट टपाली लिहिलं की वेडेपणा करू नकोस, पहिलटकरणीची ओटी सवाष्णीनं भरायची असते, काकू येईल, मी इथे घर सांभाळीन. ते लिहिताना माझा हात कुठे अडला नाही, कारण ते मला पाठच होतं. चार वर्षांत मी कुठल्या लग्नात हळद लावायला पुढे झाले नाही, कुणाच्या बाळाला पाळण्यात घातलं नाही. मला कुणी मागे सारलं असं म्हणणार नाही. मीच आधी मागे जाऊन उभी राहते, म्हणजे कुणाला सारावं लागत नाही. तुझ्या पत्राला उत्तर टाकून आले आणि त्या दिवशी जेवले नाही. काकूला सांगितलं की पोट बिघडलं आहे.

तर मोटारीकडे येते. आपली ती काळी मोटार तुझ्या बाबांनी घेतली तेव्हाच म्हातारी झाली होती. एका मालगुजाराच्या गोठ्यात उभी होती, आत कोंबड्या अंडी घालायच्या. बाबांनी ती बैल लावून घरी ओढत आणली तेव्हा गावातल्या बायका वरात समजून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा तू पहिलीत होतीस. मी वाचायला शिकले ते तुझ्या त्या पहिलीच्या पुस्तकावर, चुलीसमोर, तुला कळू न देता. पण वाचणारी झाले ती मोटारीमुळे. बाबांनी नागपूरहून मोटार दुरुस्तीचं एक मराठी पुस्तक आणलं. ते गाडीखाली उताणे पडायचे, पाय तेवढे बाहेर, आणि मी शेजारी पाटावर बसून मोठ्यानं वाचायची. शब्द अडला की खालून म्हणायचे, "एकेक अक्षर सांग, मी जोडतो." काही दिवसांनी मीच जोडायला लागले. 'उतारावर ब्रेक निकामी झाल्यास काय करावे' हा भाग त्यांना फार आवडायचा, पुन्हा पुन्हा वाचायला लावायचे. मी म्हणायची, आपल्या करडीत सगळ्या धानाच्या बांध्या, उतार आहे कुठे? ते म्हणायचे, "जाऊ नं एक दिवस उताराच्या गावाले."

आम्ही निघालो. चंद्रभागेला पुढे बसलं की रस्ता अंगावर येतो, म्हणून ती मागे आडवी झाली, हातात लिंबू आणि पोटावर डबा. मी पुढे बसले, त्याच सीटवर. चार वर्षांनी. उजवीकडे, तुझ्या बाबांच्या जागेकडे, बघायचं नाही एवढं मनाशी ठरवलं होतं, म्हणून सगळा वेळ डावीकडची शेतं बघत होते. भारी धान अजून उभा होता, ओंब्यांनी वाकलेला. हलक्या धानाच्या बांध्या रिकाम्या झाल्या होत्या आणि त्यात बगळे फिरत होते. खुशालकाका खुशीत होते. गाडी कशी लोण्यासारखी चालून राहिली म्हणून दोनदा म्हणाले. तुमसर मागे पडलं, टेकड्या जवळ आल्या. मग रस्ता एका टेकाडावर चढला आणि पलीकडे एकदम गावात उतरला. आपल्याकडे असा उतार मी पाहिला नव्हता. उजव्या अंगाला तलावाची पाळ, पलीकडे काठोकाठ पाणी. डाव्या अंगाला बांध्या आणि एक-दोन घरं. समोर तळाशी मंडई, माणसं अशी की जमीन दिसत नव्हती.

काकांनी पाय दाबला. मग पुन्हा दाबला. मला वाटलं होतं की असं काही झालं तर माणूस ओरडेल. ते अगदी हळू, जेवायला वाढा म्हणावं तसं म्हणाले, "वयनी, ब्रेक नाही लागून राहिला."

मी विचारलं, "काहून?"

"खाली जाऊन राहिला. वर नाही येऊन राहिला."

कुंता, तुला खरं सांगते, मी घाबरले नाही. घाबरायला वेळ लागतो, आणि त्याच्या आधी पुस्तक आलं. पान कसं दिसत होतं, कोपऱ्यात ग्रीसचा डाग कुठे होता, तेही आलं. मी तसंच वाचावं तसं म्हणत गेले. पाय मारत राहा, सोडून मारा. काकांनी मारला, काही उपयोग झाला नाही. हँडब्रेक ओढा. हँडब्रेकला पोळ्यापासून बैलाचा दोर बांधलेला होता हे मला माहीत नव्हतं. काकांनी ओढला तो दांडीसकट हातात आला. त्यांनी तो माझ्याकडे दिला, म्हणाले, "धरा." मी मांडीवर घेतला. आता काय करायचा तो मला, पण इतक्या मानानं दिल्यावर घ्यावा लागला. मग मी म्हटलं, गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाका. गाडीनं अशी किंकाळी फोडली की मागून चंद्रभागा उठून बसली आणि लिंबू पुढे माझ्या पायाशी आलं. वेग थोडा मोडला. पण उतार संपत नव्हता.

समोर रस्त्यावर दंडारीचा संच मंडईकडे चालला होता, ढोलकी, टाळ, आणि मधोमध साडी नेसलेला, मिशा भादरलेला एक उंच गडी. काकांनी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. हॉर्न मात्र ठणठणीत होता. त्या लोकांना वाटलं, पाहुणे मंडईच्या आनंदात वाजवत आले. ढोलकीवाल्यानं जोर धरला, साडीवाल्यानं आमच्याकडे तोंड करून गिरकी घेतली आणि हात हलवला. मग त्याला काकांचं तोंड दिसलं असावं. त्यानं साडी गुडघ्यापर्यंत गोळा केली आणि "भागा रे!" म्हणून बांधीत उडी मारली. त्याच्यामागे सगळे. आम्ही मधून गेलो. ढोलकी तेवढी रस्त्यावर राहिली होती, ती कशी वाचली देव जाणे.

डावीकडे शेवटच्या घरामागे खळं होतं. धान चुरून झालेला, आणि त्याच्या पेंढ्याचा, तणसाचा ढीग रचलेला, घराएवढा उंच, नवा, पिवळाधमक. मी म्हटलं, "भाऊजी, तणसात घाला."

आणि तुझे काका, ब्रेक नाही, एका बाजूला तलाव, समोर सगळी मंडई, अशा वेळी माझ्याकडे वळून म्हणतात, "वयनी, लोकाचं तणीस हाय! जनावरं वर्षभर काय खातीन त्याइची?"

मागून चंद्रभागा ओरडली, "घाला म्हणतेत तं घाला नं! आपलं देऊ मंग त्याइले!"

तेव्हा कुठे त्यांनी चाक फिरवलं. घरात जनावरं पाळलेल्या माणसाला दुसऱ्याच्या जनावराचा घास मोडवत नाही. तणसाचं देणं ठरल्याशिवाय त्यांचा हात वळला नसता, मग आम्ही कुठेही जाऊन पडलो असतो तरी.

एकदम अंधार झाला. काचांवर तणीस, उघड्या खिडकीतून आत तणीस, तोंडात, पदरात, सगळीकडे. गाडी एक आचका देऊन बंद पडली. हॉर्नही थांबला. आणि कुंता, त्या अंधारात नव्या धानाचा वास भरून राहिला होता. मी सकाळपासून ठरवलेलं विसरले आणि उजवीकडे पाहिलं. तिथे खुशालकाका होते, कानात तणीस अडकलेले, दोन्ही हातांनी चाक धरून. त्यांनी विचारलं, "वयनी, थांबली का जी गाडी?" मी हसायला लागले. मला थांबता येईना. मनात म्हणत होते, आलो बरं का, उताराच्या गावाला येऊन गेलो. मागे चंद्रभागाही हसत होती, आधी रडली आणि मग हसली, की उलट, ते मला अंधारात कळलं नाही.

बाहेरून कुणीतरी ढीग उपसायला लागलं. फटीतून एक मुंडासं दिसलं आणि म्हातारा आवाज आला, "कोन हाय बाप्पा आत? मंडईले आले का तणीस खायले?" ते घरधनी, तुलारामबुवा. काका बाहेर पडले ते हात जोडूनच. "काका, तुमचं तणीस गेलं. मी गाडीभर आणून टाकतो." म्हाताऱ्यानं गाडीला एक चक्कर मारली. म्हणाला, "कायले? पाहुण्याच्या बैलाले चारा आमीच घालतो. तुमच्या गाडीनं आपला आपन घेऊन घेतला, बस."

तोपर्यंत त्यांची बायको आली, धुरपताबाई. बाई साठीच्या पुढची, पण आवाज असा की ढोलकीवाल्यांनीही मान वळवली. तिनं कुणाला काय झालं, कसं झालं, एक शब्द विचारला नाही. आम्हा दोघींचे दंड धरले आणि ओसरीत नेऊन बाजेवर बसवलं. पाय धुवायला पाणी दिलं, पाणी प्यायला गूळ दिला. आमच्या केसांतलं तणीस उपटत होती आणि सुनेला आतून भांडी काढायला सांगत होती, दोन्ही एकदम. मग ती करंडा घेऊन आली. मंडईला आलेल्या बाईला कुंकू लावल्याशिवाय पान वाढायचं नसतं. चंद्रभागेला लावलं. मग माझ्याकडे वळली, पदर थोडा मागे केला, कपाळ बघितलं आणि म्हणाली, "वो माय, तुह्या कपाळाचं तं तणसानं पुसूनच नेलं!"

चंद्रभागेचं तोंड अर्धं उघडं राहिलं. मी बोलायला हवं होतं. इतकी वर्षं मी असं काही व्हायच्या आधीच मागे होते, पण बाजेच्या मागे भिंत होती. तिचं बोट कपाळावर टेकलं. पाण्यानं गार झालेलं बोट होतं.

मग मी सांगितलं. "माय, पुसलं नाही जी. माझे मालक जाऊन चार वर्षं झाली."

मला पुढचं माहीत होतं. आता ती हळहळेल, पदरानं पुसायला हात वर करील, मी म्हणीन असू द्या, आणि मग जेवताना माझ्याकडे कुणी बघणार नाही. मी त्याच्यासाठी तोंडही तयार केलं होतं. धुरपताबाईनं करंड्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "मंग? मी का तुह्या मालकाले लावलं? तुले लावलं."

तेवढंच बोलून ती आत गेली. आली ती सुपात तांदूळ घेऊन. म्हणाली, "मरनाच्या दारातून माघारी येऊन तू माझ्या खळ्यात पडली. तुले रिकाम्या पदरानं धाडलं तं माझा घास उतरन का? लेकरं हायेत?" मी म्हटलं, एक लेक आहे, भिलाईला असते, सातवा महिना चालू आहे.

"सातवा? अन् मंग अशी कायले बसली? पदर नीट धर. सांडू नको."

मी पदर नीट धरला. ओंजळीमागून ओंजळ टाकत गेली, पाच झाल्या तरी थांबली नाही. माझे डोळे वाहत होते आणि मी हसत होते, आणि दोन्ही हात पदरात असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते. चंद्रभागेनं तिच्या पदरानं पुसले.

तेवढ्यात बाहेर मोठा हशा पिकला. पुरुषांनी गाडी ओढून बाहेर काढली होती आणि परसराम नावाचा एक ट्रक चालवणारा, त्याच गावचा जावई, बोनेट उघडून बघत होता. ब्रेकच्या तेलाची डबी असते, तिच्यात त्यानं बोट घातलं, वास घेतला, जिभेला लावलं. मग काकांना विचारलं, "पाहुणे, याच्यात भजे तळाचे होते का?"

काका म्हणाले, "घरचं तेल हाय. घाण्यावरचं. थेंबभर पाणी नाही त्याच्यात."

असं झालं होतं, कुंता. ब्रेकचं तेल कमी झालं होतं, घरातला त्याचा डबा रिकामा होता. तुमसरहून आणायचं सोडून तुझ्या काकांनी दिवाळीच्या आधी एकदा आणि त्या दिवशी पहाटे एकदा, आपलं जवसाचं शुद्ध तेल त्यात ओतलं. बाजारच्या तेलापेक्षा घरचं चांगलंच असणार, यात त्यांना शंका नव्हती. परसराम म्हणाला, आतली रबरं फुगून फाटली, त्यांना खायचं तेल सोसत नाही. तुलारामबुवा म्हणाले, "तरीच गाडी तणसाकडं गेली. जवस पेल्यावर चारा लागणारच." मंडईत ही गोष्ट आमच्या आधी पोचली. आणि काकू ओसरीतून उठून थेट अंगणात गेली, कमरेवर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाली, "अन् मी सकाळी मांजराले मारलं!" काकांना आजवर तिनं असं भर गावात कधी बोलून घेतलं नसेल. ते मान खाली घालून उभे होते, पण तेही हसत होते.

आम्ही जेवलो. मग धुरपताबाईच्या सुनेला घेऊन बाजारात गेलो. साडी मिळाली, हिरवी, पण डोळ्यांत खुपणारी नाही, धानाच्या कोवळ्या परह्याच्या, रोपाच्या रंगाची, काठ लाल. कासारानं मनगटाचं माप विचारलं. चंद्रभागेचं मनगट भरलेलं, तुझं माझ्यासारखं आहे. मी हात पुढे केला. त्यानं हिरव्या बांगड्या चढवल्या, एकेक करून, दोन्ही हातांत. मी हात हलवून बघितला. फार दिवसांनी तो आवाज माझ्याच हातातून आला. कासार म्हणाला, "बसल्या बाई. राहू देऊ?" मी म्हटलं, "नाही दादा, लेकीच्या आहेत. उतरव." उतरवताना एक फुटली, तर त्यानं वरून दोन जास्त दिल्या.

मोटार तुलारामबुवांच्या खळ्यात राहिली. परसरामनं आम्हाला ट्रकमध्ये बसवून तुमसरला सोडलं. तिथून एस.टी.नं येऊ असं ठरलं. साडीची आणि बांगड्यांची पिशवी ठरल्याप्रमाणे चंद्रभागेनं स्वतःकडे घेतली होती. ट्रकमध्ये बसल्यावर तिनं ती उचलून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "जाऊबाई, हे तुमीच ठेवा. मी काही भिलाईले जात नाही. मले आगगाडी लागते."

कुंता, तुझी काकू जन्मात आगगाडीत बसलेली नाही. काका काही बोलायला गेले, तिनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग ती खिडकीबाहेर बघत बसली, आणि मी पिशवी दोन्ही हातांनी धरली. इतक्या वर्षांत माझ्या धाकट्या जावेनं मला कधी सणाची साडी दिली नव्हती, मी तिला देत आले. त्या दिवशी तिनं जे दिलं त्याचं मोल मला कळलं, आणि मला कळलं हे तिलाही कळलं.

मधल्या काळात मी तुझ्या सासूबाईंना वेगळं पत्र टाकलं आहे. मी येते आणि काय करायला येते, ते त्यात साध्या शब्दांत लिहिलं आहे. त्यांना पटलं नाही तर त्या सांगतील, मी ऐकून घेईन. त्या वडीलधाऱ्या आहेत आणि त्यांच्या घरी तू आहेस. पण ऐकून घेतल्यावरही मी मागे जाऊन उभी राहणार नाही. मी कुंकू लावून येणार नाही. त्या दिवशीचं संध्याकाळी घामानं गेलं, ते मी पुन्हा लावलं नाही. तुझे बाबा गेले ते गेलेच, रोज सकाळी चहाचा एक कप जास्त मांडते आणि उचलून ठेवते, ते अजून चालूच आहे. पण पदर नीट धरायचा आणि सांडू द्यायचं नाही, एवढं मला येतं. पाट मांडून ठेव, ओटी भरायला मी येते आहे. हे सांगायचं होतं म्हणून एवढं लांब पत्र. मंडईहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सडा झाल्यावर, मी धुरपताबाईनं दिलेले, पदरात बांधून आणलेले तांदूळ सुपात घेतले, त्यात आपल्या नव्या धानाचे मिसळले, आणि उन्हात बसून तुझ्या ओटीसाठी निवडले.

तुझीच,
आई